आजीव सदस्यत्वाची संकल्पना आणि अध्यापन-व्यवसायातील नीतिमूल्यांची जडणघडण : डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संदर्भात (१८८० ते १९१४)

सारांश :

व्यावसायिक नीतिमूल्ये ही केवळ उपदेशातून अथवा शासकीय परिपत्रकातून निर्माण होत नाहीत. एकत्र काम करणाऱ्या माणसांचे परस्परांशी झालेले करार, त्या करारांच्या अर्थावरून झालेले मतभेद आणि त्या मतभेदांतून रूढ झालेले संकेत यांतून ती आकार घेतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी व फर्ग्युसन महाविद्यालय यांतून उदयास आलेली 'आजीव सदस्य' ही संकल्पना या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत शोधनिबंधात या संकल्पनेचा उदय, १८९० चा वाद, त्यानंतरचा तिचा व्यवहारातील अर्थ, तिच्या मर्यादा आणि आजच्या आचारसंहितेशी असलेले तिचे नाते यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

बीजशब्द : व्यावसायिक नीतिमूल्ये, आजीव सदस्य, स्वार्थत्याग, बाह्य कार्य, आचारसंहिता.

प्रस्तावना :

कोणताही व्यवसाय 'व्यवसाय' म्हणून ओळखला जातो तो त्यातील ज्ञानामुळे आणि त्याचबरोबर त्या ज्ञानाच्या वापरावर व्यावसायिकांनी स्वतःहून घालून घेतलेल्या बंधनांमुळे. वैद्यकाला आणि वकिलीला अशा बंधनांची दीर्घ परंपरा आहे. अध्यापनाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रात आधुनिक अर्थाने अशी परंपरा ब्रिटिश राजवटीतच सुरू झाली. पारंपरिक पंतोजी गावाच्या व पालकांच्या आश्रयाने शिकवीत असे, तर सरकारी शाळेतील शिक्षक शिक्षण खात्याचा नोकर होता. एकाची बांधिलकी आश्रयदात्याशी होती, दुसऱ्याची वरिष्ठ अधिकाऱ्याशी. शिक्षकाने आपल्या सहकाऱ्यांशी व आपल्या संस्थेशी बांधील असावे आणि ती बांधिलकी कोणाच्या हुकमाने नव्हे तर स्वतःच्या प्रतिज्ञेने यावी, ही कल्पना १८८० नंतर पुण्यात प्रथम संघटित रूपात दिसते. म्हणूनच तिचा अभ्यास हा एका संस्थेच्या इतिहासापुरता मर्यादित राहत नाही.

उद्दिष्टे :

१. आजीव सदस्यत्वाच्या संकल्पनेचा उदय व विकास अभ्यासणे.
२. १८९० च्या वादातून व्यक्त झालेल्या नीतिविषयक भूमिकांचे विश्लेषण करणे.
३. या संकल्पनेचा अध्यापकांच्या प्रत्यक्ष वर्तनावर झालेला परिणाम पाहणे.
४. या संकल्पनेच्या सामाजिक मर्यादा व तिचे आजचे औचित्य तपासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित चरित्रे, संस्थाविषयक लेखन व शिक्षणविषयक अहवाल अशा दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय-विवेचन :

१) मैत्रीतून करार (१८८० ते १८८४)

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात शिकत असलेल्या बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांच्या मनात सरकारी नोकरी न करता शिक्षणकार्याला वाहून घेण्याचा विचार पक्का होत होता. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. महादेव बल्लाळ नामजोशी व वामन शिवराम आपटे हे लवकरच त्यात सामील झाले, आणि एम. ए. ची परीक्षा दिल्यानंतर आगरकरही दाखल झाले. १८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू केली.

या टप्प्यावर कोणतीही लिखित नियमावली नव्हती. टिळकांकडे कायद्याची पदवी होती. आगरकरांनाही एम. ए. च्या बळावर सरकारी खात्यात मानाची जागा सहज मिळाली असती. या तरुणांनी ज्या मार्गाचा त्याग केला तो त्यांच्यापुढे प्रत्यक्ष उघडा होता, ही बाब महत्त्वाची आहे. ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्या अल्पसंतुष्टतेला नीतिमूल्य म्हणता येत नाही. संधी असूनही ती नाकारली जाते तेव्हाच तिला मूल्याचे स्वरूप येते. आगरकरांनी पदवी मिळवल्यानंतर मोठ्या पगाराची अपेक्षा बाळगू नये असे आपल्या आईला पत्राने कळवले होते. त्या पत्रातील भूमिका हीच होती.

१८८२ हे वर्ष या मंडळींच्या कसोटीचे ठरले. मार्च महिन्यात विष्णुशास्त्र्यांचे निधन झाले. कोल्हापूर प्रकरणातील मानहानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तरीही शाळा थांबली नाही. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे आपटे यांनी साक्ष दिली आणि आयोगाच्या अध्यक्षांनी शाळेच्या कार्याची प्रशंसा केली. दोन प्रमुख शिक्षक तुरुंगात असताना शाळा चालू राहते, याचा अर्थ ती व्यक्तींच्या पलीकडे जाऊन संस्था होऊ लागली होती. आणि संस्था झाली की मैत्रीतील संकेतांना नियमांचे रूप द्यावे लागते.

२) करारातून नियम (१८८४ ते १८८७)

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली व २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. वामन शिवराम आपटे हे त्याचे पहिले प्राचार्य होत. संस्थेच्या रचनेचा कणा म्हणजे आजीव सदस्य. संस्थेत किमान वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा, दरमहा सुमारे ७५ रुपयांचे वेतन आणि कुटुंबाच्या संरक्षणासाठी ३००० रुपयांची विमापॉलिसी हे या व्यवस्थेचे ठळक भाग होते. दैनंदिन कारभार आजीव सदस्यांच्याच हाती होता. म्हणजेच जो शिकवणारा तोच संस्था चालवणारा, अशी ही रचना होती.

या रचनेतील विम्याच्या तरतुदीकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वस्तुतः ती अत्यंत अर्थपूर्ण आहे. त्याग करणाऱ्याच्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडले जाणार नाही, ही हमी संस्थेने दिली होती. त्यागाची अपेक्षा आणि सुरक्षिततेची हमी ही दोन्ही एकाच कराराची अंगे मानली गेली. व्यावसायिक नीती ही एकतर्फी नसते, याची जाणीव संस्थापकांना होती असे यावरून म्हणता येईल.

३) वेतन, वेळ आणि निष्ठा : १८९० चा वाद

नियम लिहिला गेला की त्याच्या अर्थाविषयी मतभेद सुरू होतात. १८८७ च्या सुमारास आजीव सदस्यांच्या वेतनात दरमहा पाच रुपयांची वाढ करण्याचा प्रश्न निघाला. वाढते कुटुंब व प्रकृतीचे अस्वास्थ्य यांमुळे आगरकरांची ओढाताण होत होती. टिळकांनी मात्र वाढीस विरोध केला. पाच रुपये ही रक्कम लहान होती, प्रश्न मात्र लहान नव्हता. स्वार्थत्याग हे तत्त्व एकदा स्वीकारल्यावर त्याची मर्यादा प्रत्येकाच्या गरजेनुसार ठरवायची की सर्वांसाठी एकच ठेवायची, असा तो प्रश्न होता.

दुसरा प्रश्न वेळेचा होता. गोपाळ कृष्ण गोखले हे १८८६ मध्ये आजीव सदस्य झाले. १८९० मध्ये त्यांनी पुणे सार्वजनिक सभेच्या चिटणीसपदाची जबाबदारी स्वीकारली. आजीव सदस्याने आपली सर्व शक्ती संस्थेलाच दिली पाहिजे, बाहेरचे काम स्वीकारणे हा मूळ प्रतिज्ञेचा भंग होय, अशी टिळकांची भूमिका होती. जेझुइट धर्मगुरूंप्रमाणे संपूर्ण समर्पण हा संस्थेचा मूळ आदर्श होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये त्यामागील कारणांचे सविस्तर निवेदन सादर केले. आपण उभारलेल्या संस्थेतून दहा वर्षांनी बाहेर पडताना तत्त्वाची किंमत त्यांनी स्वतः मोजली, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येणार नाही.

तथापि या वादाकडे केवळ 'त्याग विरुद्ध स्वार्थ' या दृष्टीने पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. सार्वजनिक सभेचे काम हे धनार्जनाचे नव्हे, तर लोकसेवेचेच काम होते. स्वतः टिळक १८८७ पासून 'केसरी'चे संपादन करीत होते, तर आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला होता व त्याच्या इंग्रजी विभागाची बाजू गोखले सांभाळीत होते. म्हणजे बाह्य कार्यापासून पूर्णतः अलिप्त असा प्रमुख सदस्य विरळाच होता. त्यातच सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंत तीव्र मतभेद होते आणि त्यांची छाया नियमाच्या अर्थावर पडल्याखेरीज राहिली नाही. कार्यस्थळी नीतीचा नियम पुष्कळदा मतभेदाचे हत्यार बनतो. परंतु तो हत्यार बनला म्हणून तो खोटा ठरत नाही. टिळकांनी उपस्थित केलेला प्रश्न, म्हणजे शिक्षकाच्या वेळेवर प्रथम हक्क कोणाचा, हा त्यांच्या व गोखल्यांच्या वैयक्तिक संबंधांच्या पलीकडे जाऊन उभा राहतो.

४) नियमाचा नवा अर्थ : १८९० नंतरचे वर्तन

टिळकांच्या राजीनाम्यानंतर संस्था मोडली नाही आणि आजीव सदस्यत्वाची कल्पनाही सोडून दिली गेली नाही. तिचा अर्थ मात्र बदलला. 'बाहेरचे काम करू नये' या कठोर अर्थाऐवजी 'बाहेरच्या कामामुळे संस्थेच्या कामात उणेपणा येऊ नये' हा अर्थ व्यवहारात रूढ झाला. तो पुढील काही सदस्यांच्या वर्तनातून स्पष्ट होतो.

आगरकर १८९२ मध्ये आपटे यांच्या निधनानंतर प्राचार्य झाले. दम्याने जर्जर झालेल्या अवस्थेतही त्यांनी महाविद्यालय आणि 'सुधारक' या दोन्हींचा भार वाहिला. १७ जून १८९५ रोजी वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाची रक्कम त्यांनी स्वतंत्र बांधून ठेवली होती, असे चरित्रकार नमूद करतात. पाच रुपयांच्या वाढीला पाठिंबा देणारा माणूस धनलोभी नव्हता, याचा याहून बोलका पुरावा नाही.

गोखल्यांनी टिळकांनंतर संस्थेच्या चिटणीसपदाची धुरा घेतली आणि महाविद्यालयाच्या इमारतीसाठी गावोगाव निधी गोळा केला. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असा जो विषय शिकवण्याची गरज पडेल तो शिकवण्याची त्यांची तयारी होती. त्यामुळेच 'मागणीबरहुकूम प्राध्यापक' अशा आशयाचे विनोदी बिरुद त्यांना मिळाले. १९०२ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा बाह्य कार्य करूनही संस्थेचे देणे त्यांनी पूर्णतः फेडलेले होते.

सर्वांत लक्षणीय उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे आहे. टिळकांच्या जाण्याने रिक्त झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि १८९२ मध्ये ते आजीव सदस्य झाले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास हलवल्यावर महाविद्यालयातील अध्यापन आटोपून हिंगण्याची वाट पायी तुडवणारे कर्वे पुण्याने वर्षानुवर्षे पाहिले. १९१४ पर्यंत त्यांनी महाविद्यालयाची सेवा केली. १८९० चा कठोर अर्थ मान्य झाला असता तर कर्वे यांना एक तर महाविद्यालय सोडावे लागले असते किंवा आश्रम. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय अशा रीतीने एका नियमाच्या उदार अर्थावर अवलंबून होता.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झाले. या यशानंतर सरकारी सेवेचा मार्ग त्यांना मोकळा होता. परंतु परदेशी जाण्यापूर्वी संस्थेला दिलेला शब्द पाळून ते अल्प वेतनावर परतले व १९०२ मध्ये प्राचार्य झाले. १८८० मध्ये चार मित्रांनी परस्परांना दिलेला शब्द वीस वर्षांनंतर, मूळ संस्थापकांपैकी बहुतेक जण संस्थेत नसताना, एका नव्या पिढीच्या तरुणाला बांधून ठेवू शकला. नीतिमूल्य संस्थेत रुजले म्हणजे काय, ते येथे दिसते.

५) संकल्पनेचा प्रसार

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच्या सदस्यांच्या प्रतिज्ञांमध्ये, समाज जी तरतूद करील तीत समाधान मानण्याची, स्वतःसाठी धन मिळवण्यात शक्ती न खर्चण्याची आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण न करण्याची प्रतिज्ञा होती. ज्यांच्या बाह्य कार्यावरून १८९० मध्ये वाद पेटला त्याच गोखल्यांनी पुढे पूर्णवेळ समर्पणाचा नियम लेखी केला, हे विशेष होय. वैयक्तिक भांडण टाळण्याच्या प्रतिज्ञेमागे फर्ग्युसनमधील कटू अनुभवाची छाया असावी, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आजीव सेवकांची कल्पना तेथेही स्वीकारली गेली, मात्र तिचा सामाजिक आशय पालटला. पुण्यातील मध्यमवर्गीय पदवीधराचा त्याग आता ग्रामीण बहुजन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाशी व श्रमाशी जोडला गेला.

६) संकल्पनेच्या मर्यादा

या गौरवशाली परंपरेची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा सामाजिक आहे. सुरुवातीचे आजीव सदस्य जवळजवळ सर्वच पुण्यातील उच्चवर्णीय, इंग्रजी शिकलेले पुरुष होते. परस्परविश्वासावर उभी असलेली नीती समान पार्श्वभूमीच्या लोकांत सहज रुजते. परंतु तोच विश्वास बाहेरच्यांना आत येऊ देण्यात अडसरही ठरू शकतो.

दुसरी मर्यादा वेतनविषयक आहे. ज्या हंटर आयोगापुढे आपटे यांनी साक्ष दिली, त्याच आयोगाला १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ते प्रशिक्षित असावेत आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये व मोठ्या गावांत १५ ते २० रुपये वेतन मिळावे, अशी त्यांची मागणी होती. एकाच वर्षी, एकाच आयोगापुढे शिक्षकी पेशाविषयी दोन दृष्टी उभ्या राहिल्या. पुण्याच्या मंडळींची दृष्टी अशी की चांगला शिक्षक कमी वेतन स्वेच्छेने स्वीकारतो. फुल्यांची दृष्टी अशी की चांगला शिक्षक हवा असेल तर त्याला पुरेसे वेतन द्यावे लागते. पहिली दृष्टी निवडक ध्येयवाद्यांची संस्था उभी करते, तर दुसरी सर्वांसाठी शिक्षणव्यवस्था उभी करू पाहते. शिक्षणाच्या इतिहासात पहिलीचे गुणगान अधिक झाले, दुसरीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

तिसरी मर्यादा कुटुंबाची आहे. त्यागाची प्रतिज्ञा पुरुषाने केली, पण त्या तुटपुंज्या वेतनात घर चालवले ते स्त्रियांनी. प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही नव्हती. रयतच्या वसतिगृहातील मुलांसाठी आपले मंगळसूत्रही देणाऱ्या लक्ष्मीबाई पाटील यांचे नाव निदान स्मरणात राहिले. बहुतेकींचे तेही राहिले नाही.

७) प्रतिज्ञेकडून आचारसंहितेकडे

स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षणाचा विस्तार झाला, अनुदान आले, सेवाशर्ती कायद्याने निश्चित झाल्या. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कृतिदलाने १९८९ मध्ये विद्यापीठ व महाविद्यालयीन शिक्षकांसाठी व्यावसायिक नीतिसंहितेचा अहवाल दिला आणि पुढे २०१० व २०१८ च्या विनियमांत नीतिसंहितेचा समावेश झाला. व्यावसायिक जबाबदारीत बाधा आणणारी अन्य नोकरी, खासगी शिकवणी किंवा शिकवणी-वर्ग शिक्षकाने टाळावेत, अशी अपेक्षा या संहितेत आहे. बारकाईने पाहिल्यास हा टिळकांचा प्रश्न आणि फर्ग्युसनने व्यवहारातून दिलेले उत्तर यांचा संगम आहे. बाह्य कार्याला सरसकट बंदी नाही, मात्र मूळ जबाबदारीला बाधा येता कामा नये.

फरक आहे तो उगमाचा. १८८४ चा नियम शिक्षकांनी स्वतःसाठी केला आणि त्याच्या अर्थावर स्वतःच वाद घातला. आजची संहिता वरून येते, सेवापुस्तिकेला जोडली जाते आणि तिच्यावर चर्चा क्वचितच होते. दुसरा फरक हमीचा आहे. आजीव सदस्याकडून वीस वर्षांची अपेक्षा करताना संस्थेने त्याच्या कुटुंबाचा विमा उतरवला होता. आज अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षक वाहतात. त्यांना सुटीतील वेतन नाही, पुढील वर्षाची शाश्वती नाही. त्यांच्याकडून मात्र पूर्ण निष्ठेची अपेक्षा केली जाते. १८८४ च्या कराराचे एक अंग ठेवून दुसरे गाळण्याचा हा प्रकार आहे. याला त्या परंपरेचा वारसा म्हणता येणार नाही.

निष्कर्ष :

१. व्यावसायिक नीतिमूल्यांचा विकास मैत्रीतील संकेत, लिखित नियम, अर्थविषयक वाद, रूढ व्यवहार आणि वैधानिक संहिता अशा टप्प्यांनी होतो, असे प्रस्तुत उदाहरणावरून दिसून येते.

२. १८९० चा वाद ही संस्थेच्या इतिहासातील दुर्दैवी घटना असली तरी तिच्यामुळे शिक्षकाच्या वेळेवरील संस्थेच्या हक्काचा प्रश्न प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडला गेला. टिळकांनी प्रश्न अचूक विचारला, तर कर्वे, गोखले यांच्या वर्तनाने त्याचे व्यवहार्य उत्तर दिले.

३. अध्यापकांच्या वर्तनाला वळण लावण्यात लिखित नियमापेक्षा सहकाऱ्यांच्या प्रत्यक्ष उदाहरणाचा वाटा अधिक होता. परांजपे यांचे परत येणे हे त्याचे द्योतक होय.

४. त्यागाधिष्ठित नीतीला सामाजिक व कौटुंबिक मर्यादा होत्या. महात्मा फुले यांच्या वेतनविषयक मागणीचा विचार केल्याशिवाय अध्यापन-व्यवसायाच्या नीतीचा इतिहास पूर्ण होऊ शकत नाही.

५. नीतीची अपेक्षा आणि सुरक्षिततेची हमी ही एकाच कराराची दोन अंगे आहेत. आजच्या महाविद्यालयांनी आचारसंहितेची प्रत शिक्षकाच्या हाती देताना या दुसऱ्या अंगाचीही जबाबदारी स्वीकारणे आणि संहितेचा अर्थ ठरवण्यात शिक्षकांना सहभागी करून घेणे अगत्याचे आहे. १८८४ मध्ये अत्यल्प साधनांच्या एका नवजात संस्थेला जे शक्य झाले, ते आजच्या अनुदानित व्यवस्थेला अशक्य मानण्याचे कारण नाही.